आमची वाटचाल: वाड्यांच्या खिडक्या, चाळीस आरसे आणि आंबट वास

वाड्याची खिडकी हातात आली की आधी दोन्ही कर्ण मोजायचे. फरक 5 मिलिमीटरच्या वर गेला तर चौकट खचलेली असते आणि काटकोनात कापलेला आरसा तिच्यात बसत नाही. आम्ही पडलेल्या वाड्यांच्या जुन्या खिडक्यांत आरसे बसवतो, आणि आमच्या कारखान्यात नव्या मुलाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

सुरुवात पुण्याच्या जुन्या बाजारातली. रविवार आणि बुधवार, सकाळी लवकर. पेठांतले वाडे पडत होते. खिडक्या, दारं, कडीपाटाच्या फळ्या जळणाच्या भावाने निघत होत्या. पहिले भागीदार म्हणजे एक वयस्कर मिस्त्री. त्यांच्या पेटीत सहा पटाशा, दोन रंधे, गुण्या, बाभळीची मोगरी आणि फुटक्या स्पीकरमधून काढलेलं चुंबक. त्या चुंबकाने जेवढे पैसे वाचवले तेवढे कुठल्याही मशीनने कमावले नाहीत. जुन्या सागवानात लोहारी खिळे आत मोडलेले असतात, वरून दिसत नाहीत, आणि रंधा मशीनचं पातं एका खिळ्यात जातं. खिळा सरळ उपटू नये, डोकं तुटतं. आधी मागून ठोकून सैल करायचा, मग पकडीखाली लाकडाचा तुकडा ठेवून काढायचा.

खिळ्याभोवती काळा डाग राहतो, कारण सागातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळं पडतं. तो घासून जात नाही. लिटरभर गरम पाण्यात 60 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, ब्रशने लावायचं, सुकलं की दोनदा स्वच्छ पाण्याने धुवायचं. हातमोजे हवेतच, ते विष आहे. सुकल्यावर उरलेली पांढरी पूड कोरडी घासली तर नाकात जाते.

जुना ऑइलपेंटही कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90) आत ठेवायची सक्ती आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून आली. त्याआधीच्या रंगात किती आहे हे डोळ्यांनी कळत नाही. रिमूव्हर लावून, ओलं ठेवून स्क्रेपरने खरवडायचं आणि खरवड पिशवीत बांधायची. मग 80, 120, 220 असा पॉलिश पेपर. मधला नंबर गाळला तर 80 चे ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात.

आता त्या चाळीस आरशांबद्दल, कारण ते परत का आले हे बाजारात अजून अर्धवटच सांगितलं जातं. एका हॉटेलचं काम आलं: दोन बाय तीन फुटांच्या चाळीस खिडक्या, प्रत्येकीत 4 मिलिमीटरचा आरसा, मागे 12 मिलिमीटर प्लाय. आरसा चिकटवायचं सिलिकॉन आणलं नेहमीच्या दुकानातून. दुकानदार म्हणाला, सिलिकॉन ते सिलिकॉन. ट्यूब कापली की व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता. तो वास म्हणजे ॲसिटिक ॲसिड. त्याने आरशाच्या पाठीचा रंग आणि त्याखालची चांदी खाल्ली. वर आम्ही भर घातली: सिलिकॉन चारी कडांना गोल फिरवून लावलं, त्यामुळे वाफ आतच कोंडली. पाच आठवड्यांत कडेने काळे ठिपके, दोन महिन्यांत मधोमध ढग.

चाळीसच्या चाळीस परत आले. पातळ पोलादी तार मागून करवतीसारखी ओढून आरसे सोडवले, त्यात अकरा फुटले. हॉटेलच्या इंटिरियरवाल्यांनी उरलेले पैसे दिले नाहीत. दिले नाहीत ते नाहीत, पण चार ठिकाणी ‘जुन्या लाकडात ओल असते’ असं सांगितलं. लाकूड कोरडं होतं, ओल मोजायच्या मीटरवर 11 टक्केच होती. दोष सिलिकॉनचा होता आणि ते निवडणाऱ्या आमचा.

आता आरशाला फक्त न्यूट्रल सिलिकॉन, ज्याला आंबट वास येत नाही. तेही उभ्या पट्ट्यांत, दोन पट्ट्यांत हाताचा पंजा मावेल एवढी जागा, म्हणजे हवा वरखाली जाते. आरसा चारी बाजूंनी 3 मिलिमीटर लहान कापायचा, पावसाळ्यात चौकट फुगली तर त्याला दाबणार नाही. खालची कड दोन कडक रबरी ठोकळ्यांवर. भार ठोकळ्यांनी घ्यायचा, चिकटवणाऱ्याने नाही. एवढा आरसा साडेपाच किलोचा, सागवानी चौकट धरून वीसच्या आसपास. तो एका खिळ्यावर लटकवणारे लोक आहेत. पाठीला आणि भिंतीला 45 अंशात कापलेल्या दोन पट्ट्या एकमेकींत अडकवायच्या, भिंतीतल्या पट्टीला 8 मिलिमीटरचे निदान चार प्लग. मातीच्या भिंतीत प्लग धरतच नाही, तिथे आरसा जमिनीवर टेकवून वर पट्टीने अडकवावा.

त्यानंतरची नऊ वर्षं ठीक गेली.

मधल्या काळात त्याच हॉटेलचं पुढचं काम दुसऱ्या एका कारखान्याकडे गेलं. तिथे नवं आंब्याचं लाकूड साखळीने ठोकून, चहाच्या पाण्याने काळं करून ‘दीडशे वर्षांपूर्वीच्या वाड्यातलं’ म्हणून विकतात. ओळखायचं सोपं आहे: खऱ्या जुन्या चौकटीत झीज कडीपाशी आणि हात लागतो तिथेच असते, खोट्यात सगळीकडे सारखी. शिवाय दीडशे वर्षं खरी असती तर पंचाईतच होती. 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनी, इमारतीतून काढलेली वस्तूही येते, आणि अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो, परदेशी खासगी निर्यात बंद आहे. म्हणून आमच्या बिलावर ‘जुनं वापरलेलं सागवान’ एवढंच असतं. नक्षीचे जुने खांब आले तर आम्ही घेत नाही.

आमच्या एक गिऱ्हाईक बाई सदाशिव पेठेतल्या. दर दिवाळीला घरातली एक वस्तू घेऊन येतात आणि चकाकी नको म्हणतात. त्यांच्या तांब्याच्या बंबाचा दिवा केला. बंबावर तांबट आळीचं मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांचं काम आहे, मशीनने बफिंग केलं असतं तर ठोके पुसले गेले असते. चिंच-मीठ हाताने, लगेच साबणाने धुऊन कडक उन्हात, नाहीतर आठवड्यात हिरवं. वायर तीन कोअरची, 0.75 चौरस मिलिमीटर, भोकाला रबरी बुश, आणि अर्थिंगची तार बंबाच्या अंगाला स्क्रूने पक्की. तेवढ्या जागेचा लॅकर (पारदर्शक लेप) खरवडावा लागतो, लॅकरवर बसवलेली अर्थिंग असून नसल्यासारखी. बल्ब 9 वॉटचा एलईडी.

चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश अजून हातानेच होतं: लिटरभर स्पिरिटला 200 ग्रॅम चपडा, रात्रभर भिजवून, गाळून, कापसाच्या गादीने आठ-दहा हात. दमट हवेत ते पांढरट पडतं, म्हणून जून ते सप्टेंबर चपड्याचं काम घेत नाही. गणपतीच्या मखराची घाई असेल तर जवसाच्या तेलाचा हात मारून देतो. चिंध्या मात्र पाण्याच्या बादलीतच टाकायच्या, बोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेतात.