एक होडी, सहा कॅमेरे आणि भिगवणचे रोहित

भिगवणला रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) फोटो काढायला जाणार असाल तर एकट्याने जाऊ नका, सोबत अजून चारपाच कॅमेरेवाले घ्या, आणि ते आपल्यासारखेच शिकणारे असतील तर फारच उत्तम. मी फोटोग्राफी शिकायला लागल्यापासून व्हिडिओ भरपूर बघितले, अपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं), शटर (फोटो किती वेळ घ्यायचा), आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील) सगळं वहीत लिहून काढलं, पण एकाच होडीत बसून एकाच क्षणाला सहा जणांनी काढलेले सहा फोटो संध्याकाळी एका स्क्रीनवर बघितले तेव्हा जे कळलं ते त्या वहीत कुठेच नव्हतं. म्हणून ही पोस्ट.

आमचा ग्रुप आधी सांगते. बँकेतून रिटायर झालेले एक काका, त्यांच्या मिसेस म्हणजे काकू ज्या फक्त मोबाईलवर काढतात, आयटीतला एक मुलगा ज्याच्याकडे सिग्माची १५०-६०० मिमीची, लांबचं जवळ आणणारी मोठी लेन्स आहे, शाळेतल्या एक बाई, माझी मावसबहीण आणि मी. माझ्याकडे सेकंडहँड घेतलेला निकॉन डी५६०० आणि ७०-३०० ची लेन्स. सगळे हडपसर भागातलेच, त्यामुळे जमणं सोपं.

फेब्रुवारीतला शनिवार होता, पहाटे चारला निघालो. पुण्यापासून भिगवण साधारण १०० किलोमीटर, सरळ सोलापूर हायवे, उरुळी कांचन, यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ. रस्ता चांगला आहे पण कारखान्यांचा सीझन चालू असतो तोवर अंधारात उसाच्या ट्रॉल्यांपासून जपूनच चालवा, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे लाल दिवा सोडा साधा रिफ्लेक्टरही नसतो. चौफुल्याला चहा घेतला आणि उजाडायच्या आत भिगवणच्या पुढे डाव्या हाताला आत वळून कुंभारगावला पोचलो.

हे सगळं पाणी उजनी धरणाचं. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, जलाशयाचं नाव यशवंतसागर, धरण तिकडे सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात आणि त्याच्या फुगवट्याचं पाणी पार इकडे इंदापूर तालुक्यात भिगवणपर्यंत पसरलेलं. पाणी उथळ, कडेला चिखल, चिखलात किडे, शेवाळ, छोटे मासे, म्हणजे पक्ष्यांना लागतं ते सगळं. हिवाळ्यात पाणी उतरायला लागलं की रोहित म्हणजे फ्लेमिंगो येतात. आमच्या होडीवाल्या दादांच्या वडिलांची शेती याच पाण्याखाली गेलेली, मग घर मासेमारीवर आलं, आणि आता हिवाळ्यात पक्षी दाखवायचं काम. पाण्याखाली कुठे विहीर होती, कुठे गावातली चिंच होती ते सगळं दादा बांबू टेकवत टेकवत सांगतात. पक्ष्यांची माहिती त्यांना कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त आहे, हे मी मनापासून लिहितेय.

निघायच्या आधीच आम्ही दादांना सांगितलं की पक्षी उडवायचे नाहीत. ते म्हणाले, "बरं झालं ताई आधीच बोललात, लोक उलटं सांगतात, जरा जवळ घ्या, उडवा म्हणजे फोटो येतो." यावर माझं मत एकदम पक्कं आहे. रोहित पक्षी दिवसातला बराच वेळ डोकं उलटं पाण्यात घालून चोचीने पाणी गाळत खात असतात, आणि त्यांना जागचं उडता येत नाही, आधी पाण्यावर पळत जावं लागतं, त्याला ताकद लागते. दिवसभरात दहा होड्यांनी दहा वेळा उडवलं तर तो खाणार कधी? जवळ गेल्यावर त्यांचं लक्षण दादांनी दाखवलं: आधी एकेक मान वर येते, मग सगळ्यांच्या माना वर, मग सगळे एकाच दिशेला चालायला लागतात. माना वर आल्या की होडी थांबवायची, बस. तेवढ्या अंतरावरून जो फोटो येईल तो आपला.

आणि खरं सांगते, फोटो येतो. फक्त थांबावं लागतं. दादांनी इंजिन कधीच बंद केलं होतं, बांबूने ढकलत नेलं आणि एका जागी उभं केलं. समोर पाण्यावर धुकं, त्यात दोनेकशे रोहित, मागून सूर्य वर येतोय. ते पांढरट गुलाबी अंग धुक्यातून हळूहळू दिसायला लागलं तेव्हा होडीत कोणीच बोलत नव्हतं, काका सुद्धा, आणि काकांना ओळखणाऱ्यांना कळेल ही किती मोठी गोष्ट आहे.

थोडं सेटिंगचं लिहिते कारण नवीन लोक तेच विचारतात. पक्षी पांढरा आणि मागचं पाणी गडद असेल तर कॅमेरा त्या गडद पाण्याकडे बघून सगळाच फोटो उजळ करतो आणि पांढरी पिसं जळून जातात, मग नंतर काही केलं तरी त्यातला तपशील परत येत नाही. म्हणून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायचं सेटिंग) मायनस ०.७ च्या आसपास ठेवा आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत उजळ-गडद किती आहे ते दाखवणारा आलेख, बघा. उलट मागे उजळ आकाश असेल तर पक्षी काळा पडतो, तिथे प्लस करावं लागतं. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान, आयएसओ ऑटो, फोकस कंटिन्युअस, म्हणजे हलत्या पक्ष्यावर सतत फोकस धरणारा. निकॉनमध्ये त्याला एएफ-सी म्हणतात, कॅननमध्ये एआय सर्वो. रॉ मध्ये काढा, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाईलमध्ये. आणि होडीत उभं राहू नका, एक तर धोका, दुसरं म्हणजे वरून काढलेला पक्षी चपटा दिसतो. होडीच्या काठावर कोपर टेकवून लेन्स जेवढी पाण्याजवळ नेता येईल तेवढी न्या, पक्ष्याच्या डोळ्याच्या रेषेत आलं की मागचं पाणी लांब जातं, ब्लर होतं आणि पक्षी उठून दिसतो. हे शाळेतल्या बाई फार सुंदर करतात, अख्ख्या सकाळभर त्या होडीच्या पुढच्या टोकाला पोटावर झोपलेल्या होत्या.

रोहित सोडून बाकीचंही खूप मिळालं. चित्रबलाक, शेकाट्या, मोरशराटी, चक्रवाक, आणि काठाच्या शेतात चरणारे पट्टकदंब, ज्यांच्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. हे बदकासारखे दिसणारे हंस तिकडे लडाख, तिबेट, मंगोलियात अंडी घालतात आणि हिमालय ओलांडून आपल्या हरभऱ्याच्या रानात येऊन बसतात, हे माहीत असलं की फोटो काढताना हात जरा वेगळाच पडतो. नदी सुरय पाण्यात सूर मारतो तो टिपायचा मावसबहिणीचा हट्ट होता, तिने त्याच्यामागे तासभर घालवला आणि चोचीत मासा घेऊन वर येणारा एक सुरय तिला मिळाला, डोळा अगदी शार्प, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दहानंतर मात्र पाणी तापायला लागतं, हवा थरथरते आणि लांब लेन्सने काढलेलं काहीच शार्प येत नाही, तेव्हा परत या आणि जेवा. चिलापी फ्राय, रस्सा, ज्वारीची भाकरी. भिगवणला येऊन मासे न खाता जाणं मला तरी जमणार नाही.

आता मुख्य गोष्ट. सकाळी साडेआठच्या सुमाराला आम्ही थांबलेलो असतानाच, होडीपासून बरेच लांब, रोहितांचा एक गट आपणहून उठला आणि पाण्यावर पळत पलीकडच्या काठाकडे उडाला. सगळं मिळून पाचसहा सेकंदांचं काम. सहाही जणांनी फोटो काढले. संध्याकाळी मुक्कामाच्या घरी टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि आमची नेहमीची बैठक सुरू झाली.

बैठकीचे नियम असे. प्रत्येकाने पाचच फोटो दाखवायचे, त्यामुळे निवडावं लागतं आणि निवडणं हाच मला वाटतं अर्धा अभ्यास आहे. ज्याचा फोटो त्याने आधी गप्प बसायचं, "अरे तेव्हा लाईट नव्हता", "होडी हलली" असलं काही नाही, बाकीचे बोलून झाल्यावरच त्याची पाळी. आणि नुसतं मस्त, छान, एक नंबर म्हणायचं नाही, काय आवडलं आणि का ते सांगायचं. हा शेवटचा नियम बाईंनी आणला आणि त्याने आमचा ग्रुप बदलला असं मी म्हणेन, कारण का आवडलं हे सांगायला लागलं की आपण फोटो खरंच बघायला लागतो.

तर तोच एक क्षण सहा वेळा स्क्रीनवर आला. आयटीवाल्याचा फोटो म्हणजे एकच पक्षी फ्रेमभर, पंख पूर्ण उघडलेले, आतून लालगुलाबी आणि कडेची पिसं काळी कुळकुळीत, रोहित बसलेला असताना हा रंग दिसतच नाही. बाईंनी पाण्याच्या रेषेवरून फक्त पळणारे पाय घेतले होते, प्रत्येक पावलाला उडालेलं पाणी, वरचं अंग कापलेलं, आणि तरी कोणालाही कळेल की हा पक्षी उडणार आहे. काकांनी शटर मुद्दाम १/३० वर आणून पॅनिंग केलं होतं, म्हणजे पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढला होता, सगळं गुलाबी फराट्यांसारखं. मावसबहिणीने पक्षी सोडून त्यांची पाण्यातली प्रतिबिंबं घेतली. माझ्यात अख्खी रांग होती, ७०-३०० ने जेवढी बसते तेवढी, पुढे मोकळं पाणी. त्यावर काकांनी मला विचारलं की पुढे एवढी जागा का सोडलीस, मी काही बोलायच्या आत (नियम!) बाईच म्हणाल्या की पक्षी जिकडे चाललाय तिकडे जागा नको का, त्यामुळे तर ते जाताना दिसतायत. यावर पंधरा मिनिटं चर्चा झाली आणि मला माझाच फोटो पहिल्यांदा नीट कळला.

आणि मग काकूंचा मोबाईलवरचा. मोबाईलमध्ये पक्षी म्हणजे नुसती लांबवर एक बारीक गुलाबी रेघ. पण पुढे पाठमोरे दादा, बांबू पाण्यात रोवून थांबलेले, त्यांची मान त्या रेघेकडे वळलेली. आम्ही पाचही जण त्या क्षणी लेन्समधून पक्ष्यांकडे बघत होतो, दादा पक्ष्यांकडे बघतायत हे फक्त काकूंनी बघितलं. त्या फोटोत अंतर आहे, माणूस आहे, थांबणं आहे, आम्ही सकाळभर जे केलं ते सगळं त्यात आलंय. सगळ्यांनी एकमताने तो दिवसाचा फोटो ठरवला. आयटीवाला मुलगा दोन मिनिटं नुसता बघत बसला आणि म्हणाला, काकू, उद्या मी तुमच्या शेजारी बसणार.

दादाही बैठकीला आले होते, जेवण झाल्यावर. त्यांनी आयटीवाल्याच्या एका फोटोवर बोट ठेवलं, "हे पिल्लू आहे, अजून रंग आला नाही." आम्ही सगळे तो राखाडी मळकट पक्षी फोकस नसलेला म्हणून सोडून देणार होतो! रोहितांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, त्यांच्या शेवाळात आणि बारीक जिवांत जे कॅरोटिनॉइड असतात त्यातून, आणि पिल्लांना तो चढायला काही वर्षं लागतात. दादांनी सांगितल्यावर आम्ही सगळ्यांचे फोटो परत काढून बघितले आणि प्रत्येकाच्या फोटोत ती राखाडी पिल्लं सापडली.

असं एकमेकांना फोटो दाखवून शिकणं आपल्याकडे फार जुनं आहे. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, त्याच्या पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग, आणि डॉ. भाऊ दाजी लाडांचे भाऊ डॉ. नारायण दाजी, पेशाने डॉक्टर आणि हौसेने फोटोग्राफर, त्या सोसायटीत होते. काचेच्या प्लेटा, केमिकलं, अंधारी खोली, एवढा खटाटोप करून ते लोक सभेला आपले प्रिंट घेऊन यायचे. मला हे वाचल्यापासून आमची टीव्हीसमोरची बैठक त्याच रांगेतली वाटते आणि त्याचा अभिमान वाटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत पाण्यावर गेलो तेव्हा बदललेलं स्पष्ट दिसत होतं. काका खाली वाकून पाय शोधत होते, आयटीवाल्याने मोठी लेन्स बॅगेत ठेवून बाईंची १८-५५ ची छोटी लेन्स मागून घेतली, मी अर्धा वेळ कॅमेरा मांडीवर ठेवून नुसती आजूबाजूला बघत होते की कोण कुठे बघतंय. पक्षी आदल्या दिवशीपेक्षा लांब होते. फोटो कमी काढले आणि जास्त ठेवले.

जायचं असेल त्यांच्यासाठी: जानेवारी ते मार्च चांगला, पहाटेची होडी आदल्या दिवशीच सांगून ठेवा, गावातल्याच मच्छीमारांची होडी घ्या, लाईफ जॅकेट मागून घ्या आणि घाला, भडक कपडे नकोत, टोपी आणि पाणी हवंच. लेन्स मोठी नाही म्हणून थांबू नका, काकूंचा फोटो आठवा.

आमचं पुढचं ठरलंय. मे महिन्यात पाणी खूप खाली गेलं तर पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ पाण्यातून वर येतं, तिथे जायचं, आणि या वेळी सहाही जणांनी एकच फोकल लेंग्थ (लेन्स किती लांबचं जवळ आणते त्याचं माप) वापरायची, ३५ मिमी. काकूंनाही मोबाईलवर झूम नाही. दादांनी देऊळ उघडं पडलं की फोन करतो म्हणून सांगितलंय.