चालतंय ना?

"चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?" एका जुन्या सर्व्हरवरचा पोस्टग्रेस डेटाबेस अजून १४.२ आवृत्तीवर आहे म्हटल्यावर सहकारी सहज बोलून गेला.

मी जून २०२२ मधल्या १४.४ ची रिलीज नोट, म्हणजे त्या आवृत्तीत काय दुरुस्त केलं त्याची यादी, उघडून दाखवली. त्याआधीच्या १४ च्या आवृत्त्यांत टेबलावर काम चालू ठेवून 'कॉनकरंटली' इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) बांधला, तर काही नोंदी त्यातून गळू शकत होत्या. एरर वगैरे काही नाही. नोंद टेबलात शाबूत, पण इंडेक्समधून शोधली की गायब! आरडाओरडा करणारा बग परवडला.

"मग अपडेट केलं की झालं?"

नाही ना. पुढचं नुकसान थांबतं. आधी बिघडलेले इंडेक्स आपणच पुन्हा बांधायचे.

चहा गार झाला. मग तोच हळूच म्हणाला, "आपण असे किती बांधलेत रे?"