तुम्ही विचारलंत म्हणून: परत उठेल ना?

"डॉक्टर, परत उठतंय न्हवं?" खानापूरहून मांजर घेऊन आलेली आजी असो की बेळगावच्या टिळकवाडीतला पग कुत्रं आणणारा पोरगा, ऑपरेशनला भूल द्यायच्या सहीचा कागद पुढे केला की हाच प्रश्न.

बहुतेक सगळी उठतात. ब्रिटनमध्ये 2008 साली छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात भुलेशी संबंधित मृत्यूचं प्रमाण कुत्र्यांत 0.17 टक्के, मांजरांत 0.24 टक्के निघालं. मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त बोचते: ऑपरेशननंतर गेलेल्यांतली बहुतेक जनावरं पहिल्या तीन तासांत गेली. म्हणजे टाके घालून झाले, सगळे चहाला वळले, तेव्हा. म्हणून डॉक्टरला इंजेक्शनचं माप विचारण्याआधी, नंतर जनावराजवळ कोण बसणार ते विचारा.

टेबलावर लक्ष असतंच. कोरोनात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर आम्ही जिभेला लावतो. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा 95 टक्क्यांच्या वर हवा. पण नळीतून ऑक्सिजन चालू असेल तर श्वास थांबला तरी हा आकडा काही वेळ छान दिसत राहतो. बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ ते लगेच सांगतो. आमच्या भागात तो प्रत्येक दवाखान्यात कुठला असायला! मग मांडीच्या आतल्या नाडीवर बोटं, छातीवर नजर, आणि दर पाच मिनिटांनी वहीत नोंद. हे करणारा माणूस ऑपरेशन करणाऱ्यापेक्षा वेगळा हवा, यावर मी अडून बसतो.

गोकाक-अथणीकडून मुधोळ जातीची कुत्री येतात. अंगावर चरबी नावाला. भुलेत भराभर गार पडतात, आणि गार पडलेलं जनावर उशिरा उठतं. जुलैच्या पावसात तर गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून आधीच तयार ठेवाव्या लागतात.

"उपाशी होतं ओ, म्हणून थोडं दूध पाजलं." हे ऐकलं की मी तारीख पुढे ढकलतो. भुलेत ते दूध उलटून फुफ्फुसात गेलं तर निस्तरणं अवघड. लोक रागावतात, रागावू देत.

आणि अर्धवट शुद्धीतलं कुत्रं मोटारसायकलवर मध्ये धरून न्यायची घाई करू नका. ते मान धरून, स्वतःच्या पायांवर उभं राहू दे. घरी रात्री हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर फोन करा, वेळ बघू नका.