ठणठणीत

वन्संकडे सत्यनारायण होता. पंगत खालीच, सतरंजीवर. गेल्या वर्षी, कमरेचं हाड मोडल्यानंतर, मी दारात पाऊल टाकायच्या आत खुर्ची आली होती, आणि तेव्हा ती मला नको होती. आज कुणाच्या ध्यानातच आलं नाही. "आता काय, ठणठणीत झालीस," म्हणत जाऊबाईंनी शेजारी सरकून जागा केली आणि मी बसले.

मला मांडी घालता येत नाही. डावा पाय लांब करायचा, उजव्या कुल्ह्यावर भार घ्यायचा, तो बधिर झाला की हळूच सरकायचं. मसालेभात वाढेपर्यंत माकडहाडाच्या वर, स्क्रू बसवलाय तिथे, ठणका लागला. उठताना धरायला भिंत जवळ नव्हती. ह्यांनी पाहिलं, पण... जाऊ दे.

वाईट नेमकं कशाचं वाटलं? दुखण्याचं नाही, ते रोजचंच आहे. कुणाला आठवलं नाही, याचं. आणि आठवलं असतं, खुर्ची आली असती, तर? तरी रडूच आलं असतं. मग मला हवंय तरी काय?

एक्स-रे उत्तम आहे. पेल्व्हिस म्हणजे कमरेच्या हाडांची बांगडी. एकीकडे तडकली की बहुतेकदा दुसरीकडेही तडकते. माझी पुढूनही मोडली, मागूनही. असं हाड जुळायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात, तसं ते जुळलं. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून सगळ्यांना दाखवली, आणि त्या दिवसापासून घरच्यांच्या लेखी मी बरी.

पण डाव्या पायावर भार आला की उजवीकडची कंबर खाली झुकते. डाव्या कुल्ह्याच्या बाजूचा स्नायू अजून तिला पेलत नाही. फिजिओथेरपीच्या ताई याला ट्रेंडेलेनबर्ग म्हणतात. त्या नावाच्या जर्मन सर्जनने हे १८९५ मध्ये लिहिलं, जन्मतः खुबा निखळलेल्यांच्या चालण्याबद्दल. एक्स-रेचा शोध लागला त्याच वर्षी, पण नोव्हेंबरात. म्हणजे त्याच्या हाती फिल्म नव्हतीच! माणूस कसा चालतो ते बघूनच त्याला कळलं. ताईंनी हे सांगितल्यापासून तो मला फार जवळचा वाटतो.

तेवढंच हवंय मला. खुर्ची नको, 'बिचारी' तर नकोच. कुणीतरी नीट बघावं आणि विचारावं, कुठे बसतेस गं?

इतका वेळ रुसून बसले होते, आता लिहिता लिहिता जरा निवले. फिल्मवर जे दिसत नाही ते त्यांना आपोआप कसं दिसणार? दाखवायलाच हवं. सकाळी कुशीवर पडून पाय उचलायचा व्यायाम झाला की लेकीला मागे उभी करीन आणि एका पायावर उभी राहीन. कंबर कुठे झुकते ते तिला बघू दे. तिला एकदा कळलं की आत्याला, काकूला तीच सांगेल, बोलायला खमकी आहे ती.