सत्त्याण्णव

परवा दुपारी मशीन खडखडायला लागलं. पावसामुळे आठवड्याचे कपडे तुंबले होते, ते एकदाचे आत कोंबून मी कामाला बसलो होतो. कानात ऑफिसची मीटिंग आणि मागे खड्‌-खड्‌-खड्‌. नाणं असेल म्हणून सोडून दिलं. पण नाण्याचा आवाज असा नसतो, नाणं खणखणतं. हे काहीतरी बोथट, लाकडी होतं. शेवटी मशीन थांबवून ड्रममध्ये हात घातला आणि ओल्या कपड्यांतून चाचपत चाचपत वर काढले ते तीन चिंचोके.

लेकीच्या शाळेच्या फ्रॉकच्या खिशातले. पाणी पिऊन टम्म झालेले, त्यातल्या एकाचं साल सुटत आलेलं. मीटिंगमध्ये कुणीतरी माझं नाव घेत होतं. मी तळहातावर चिंचोके घेऊन उभा.

हे चिंचोके घरात आले त्याचीही एक कहाणी आहे. आठवड्यापूर्वी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मॅडमचा निरोप पडला, 'दुसरीच्या गणितातील कृतीसाठी प्रत्येकाने सोमवारी १०० चिंचोके आणावेत.' पाच मिनिटं शांतता. मग एका आईने विचारलं, 'मॅम, चिंचोके म्हणजे?' दुसऱ्या कुणीतरी फोटो टाकला, तो चिकूच्या बियांचा होता. तिसऱ्याने विचारलं, 'राजमा चालेल का?' आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी तर दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या ॲपवरून मागवूनही टाकले. आली ती चिंचोक्यांची पावडर, गुडघेदुखीवरची. घोडबंदर रोडला राहून चिंचोके मागवले की असं होतं.

मी जुना ठाणेकर, म्हणून ऐटीत जांभळी नाक्याला गेलो. चौथ्या दुकानात दुकानदाराने चिंचेचा गोळा पुढे सरकवला आणि अभिमानाने सांगितलं, "एकदम साफ माल आहे, एक बी सापडणार नाही." म्हटलं, मला बियाच हव्यात, चिंच राहू द्या. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने माझ्याकडे आजवर फक्त आमच्या सासूबाईंनी पाहिलेलं आहे.

मग कोपरीला, आईकडे. आई अजून दर एप्रिलमध्ये वर्षाची चिंच भरते. स्वतः फोडते, शिरा काढते, मीठ लावून गोळे करून बरणीत दाबते. "चिंचोके होय? ते मेमध्येच टाकले. तेव्हा नाही का सांगायचंस?" जुलैमध्ये मॅडमना काय हवं होईल हे मला मेमध्ये कळायला हवं होतं. पण तिने लगेच गॅलरीत जाऊन समोरच्या मावशींना हाक मारली आणि मावशींनी पिशवीभर चिंचोके काढून दिले. का ठेवले होते, असं मी विचारलं. "असू देत म्हणून." मावशी मूळच्या माणदेशातल्या. तिकडे चिंचोके कुणी टाकत नाही, घोंगडीला खळ द्यायला धनगर घेऊन जातात. कोपरीत कोण घोंगडं विणतंय? पण हाताला सवय लागली ती लागली.

रविवारी रात्री लेकीने चटईवर पिशवी ओतली. घरभर तो आंबूस, थोडासा धुळकट वास. दहाचा एक ढीग असे तिने ढीग लावायला घेतले आणि मी शेजारी नुसताच बसून राहिलो. बायको म्हणाली, तू कशाला मोजतोयस? मी मोजत नव्हतो. म्हणजे, ओठ हलत असतील.

दोन ढीग आणि तीन सुटे. "वीस तीन!" लेक म्हणाली. मी म्हणालो, "तेवीस." ती म्हणाली, "तेच ते."

हे 'वीस तीन' प्रकरण आठवतंय ना? २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आलं आणि महाराष्ट्र आठ-पंधरा दिवस दुसरं काही बोलत नव्हता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की आपल्या संख्यानामांतली जोडाक्षरं आणि उलटसुलट क्रम मुलांना जड जातो, म्हणून जुन्यासोबत ही पद्धतही देतो आहोत. आम्ही ऐकतोय थोडंच. मीही विनोद पुढे पाठवले होते, आता खोटं कशाला बोलू. 'नव्वद सात' म्हणणाऱ्या पिढीचं कसं होणार याची मला तेव्हा फार काळजी होती. शेजारचे हेगडे मात्र गप्प होते. त्यांच्या कन्नडात 'इप्पत्तोंदु' म्हणजे वीस आणि एक, सरळच. त्यांना आमचं भांडण काय आहे हेच कळेना.

आता चटईवर पाहतो, तर हाताने आधी दोन ढीग लावले आणि मग तीन सुटे ठेवले. कागदावरही आधी दोन, मग तीन. जीभ तेवढी तिनापासून सुरू करते. चाळीस वर्षं मी तेवीस म्हणतोय, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आणि एकोणसाठ? एकोणसाठ म्हणजे पन्नासाच्या घरात राहून साठाच्या नावाने पत्र घेणं. तरीही मी 'पन्नास नऊ' म्हणणार नाही. का ते विचारू नका. सांगता येत असतं तर तेव्हाच सांगितलं असतं.

माझी दुसरी १९८७ सालची. कोपरीतलीच शाळा, पत्र्याची, पावसात बाईंचा आवाज ऐकू यायचा नाही म्हणून जोराचा पाऊस आला की गणित बंद आणि हातकाम सुरू. भेंडीचे ठसे, वहीत पिंपळाचं पान, मातीची फळं. मातीची फळं करताना सगळ्यांची सीताफळं होत, कारण पेरू करायला गेलं तरी बोटांचे ठसे राहत. पण आमच्या बाईंचा जीव होता गणिताच्या डब्यावर. डालडाचा पिवळा डबा, त्यावरचं ताडाचं झाड निम्मं गंजलेलं, आणि आत शंभर चिंचोके. तास संपला की रोज मोजून आत. दहांचे दहा ढीग, दहा मुलं मोजणार, बाकीची बघणार. बाईंचा एकच नियम, चिंचोका तोंडात घालायचा नाही.

नियम बरोबरच होता. आम्ही खिशात घातले.

आम्ही म्हणजे मीच. चिंचोका हातात धरून पाहिलायत? गार असतो. कडेला बोथट धार, पोटावर फिकट तपकिरी चांदवा, आणि बोटांत फिरवायला लागलं की थांबवत नाही. दगडावर घासून एक बाजू पांढरी केली की पटावर टाकायला फासे. तव्यावर भाजून साल काढलं की सुपारीसारखा तासभर दाढेखाली. असली वस्तू सात वर्षांच्या पोराच्या हातात द्यायची आणि वर म्हणायचं, ही फक्त मोजायची. मी तीन घेतले. संध्याकाळी शेजारच्या पोराबरोबर त्यांच्या शेगडीवर भाजून खाल्ले. दीड दीड. तिसरा फोडायला त्याच्या आजीचा अडकित्ता लागला होता.

रात्री पडल्या पडल्या मी हिशेब केला. शंभरातून तीन. बोटांवर होईना, म्हणून शंभरापासून उलटं म्हणत आलो, नव्याण्णव, अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव. सत्त्याण्णव. झोप येईपर्यंत सत्त्याण्णव.

दुसऱ्या दिवशी नऊ ढीग पुरे झाले आणि दहाव्यात सातच. बाई ओरडल्या नाहीत. फळ्यावर ९७ लिहिलं आणि म्हणाल्या, वाचा. कुणी म्हणालं एकोणऐंशी. कुणी म्हणालं सदुसष्ट. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीने 'सत्त्याहत्तर' म्हणून पाहिलं. मग माझ्या तोंडून आलं, "सत्त्याण्णव." खणखणीत. अख्ख्या वर्गात एकट्याला आलेलं उत्तर. बाई माझ्याकडे वळल्या, थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "शाबास." कान कसे तापतात ते मला त्या दिवशी कळलं.

आमचे बाबा वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात प्रेसवर होते. तीन हात नाक्यावरून सायकलने ये-जा. त्यांच्या खिशात कायम काहीतरी खुळखुळत असायचं. वायसर, खिळे, छोटे नट. आईला धुण्यात सापडायचे, मग तिची कटकट. त्यातले तीन वायसर मी उचलले. चोरी भरून काढायला पुन्हा चोरी, पण घरातलीच. सकाळी बाईंच्या टेबलावर ठेवले. काय बोलायचं ते मी पाठ करून गेलो होतो, त्यातलं एक अक्षर आठवेना. बाईंनी डबा उघडला आणि एकेक आत टाकला. टण्. टण्. टण्. "झाले शंभर," म्हणाल्या आणि झाकण लावलं.

त्यानंतर वर्गात नवंच भांडण सुरू झालं, वायसर कुणाच्या ढिगात येणार याचं. ज्याच्या ढिगात वायसर तो त्या दिवसाचा राजा. आम्ही इतकं भरभर मोजायला कधी शिकलो कुणास ठाऊक. एकदा बाईंनी विचारलं, चिंचोके किती आणि वायसर किती, एकूण किती? मी खाली मान घातली.

दोन वर्षांनी माझा धाकटा भाऊ दुसरीत गेला. पहिल्याच आठवड्यात धापा टाकत घरी आला. म्हणाला, "दादा, आमच्या डब्यात ना, तीन लोखंडी चिंचोके आहेत!"

मी त्याला काही सांगितलं नाही. आजही त्याला माहीत नाही. तो पुण्याला असतो, हे वाचून फोन करेल.

कुठून कुठे आलो. मला खरं तर लिहायचं होतं ते किटबद्दल. शाळेने यंदा 'ॲक्टिव्हिटी किट'चे साडेअठराशे घेतले आहेत. चकचकीत खोका, आत प्लॅस्टिकचे ठोकळे, सुटे, दहाच्या दांड्या, शंभराची फरशी. वाईट नाही, उगाच नावं ठेवत नाही. ही मूळ करामत मॉन्टेसरीबाईंची, त्यांचे सोनेरी मणी. एक मणी, दहाची कांडी, शंभराचा चौकोन, हजाराचा घन. हातात हजार धरला की हजार जड लागतो, हे त्यांना कळलं होतं. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी काढली तेव्हा हे सामान परवडणारं नव्हतं. मग शिंपले, खडे, पानं, बिया. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांबरोबर तेच. तिथली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर यांनी शाळाच कुरणात नेली. कोसबाड म्हणजे, २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत, आमच्याच ठाणे जिल्ह्यातलं. ठाणे म्हटलं की लोक तलाव मोजतात आणि पहिली आगगाडी सांगतात, हे कुणी सांगत नाही.

तर किट. किटमधला ठोकळा कुणी खिशात घालत नाही. ठोकळ्याचं पुढे काही होत नाही ना. तो भाजता येत नाही, घासता येत नाही, दिवाळीपर्यंत खोक्यात तसाच कोरा राहतो आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर 'ऑलमोस्ट न्यू' म्हणून विकायला येतो. लेकीच्या मॅडम तरुण आहेत, पंचवीस-सव्वीसच्या असतील. किट घरात असताना त्यांनी चिंचोके का मागवले कोण जाणे. पालकसभेला विचारेन म्हणतो. तिथे मात्र बहुतेक बसच्या वेळेवरच भांडण होईल.

लेक साडेतीनला आली. मी तीन चिंचोके टेबलावर मांडून ठेवले होते, पुरावा म्हणून. तिने पाहिलं. तिचेही कान माझ्यासारखेच आहेत, लगेच कळतं.

"शंभर भरले का वर्गात?" मी विचारलं.

"माझे नाही भरले."

"मग?"

"मॅडमनी फळ्यावर लिहिलं. मी वाचलं." थांबून म्हणाली, "दोन्ही वाचले. नव्वद सात आणि ते दुसरं."

मी हसू दाबत ताटलीत तिचे पोहे वाढले. ती खाता खाता एका हाताने चिंचोका फिरवत होती, तो साल सुटलेला. आता हे तीन काही डब्यात परत घालण्यासारखे उरले नव्हते. मी उगाच स्वतःचे खिसे चाचपले. मोबाइल, रुमाल, गाडीची किल्ली.

बाबांचा कारखाना बंद होऊन वीस वर्षं झाली. तिथे आता काचेची इमारत आहे. बाबाही नाहीत. त्यांच्या शेवटच्या पॅन्टच्या खिशात काय होतं ते आईने एका पुडीत बांधून कपाटात ठेवलंय. मी ती पुडी कधी सोडून पाहिलेली नाही.