तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा दुरुस्तीला दोन दिवस?

‘बदल तर पाच-सात ओळींचा दिसतोय, मग दोन दिवस काय करत होतात?’ क्रॅश दुरुस्त केला की हा प्रश्न हमखास येतो. तर परवाचीच गोष्ट सांगतो.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं माझं एक छोटं कमांड-लाइन टूल (आज्ञा टाइप करून चालवायचा प्रोग्राम) आहे. फाइल दिली की एका रकान्याची बेरीज करून देतं. बरीच वर्षं विनातक्रार चाललं. मग एकाने कळवलं, टूल मध्येच कोसळतं. एरर म्हणते, 2 चा पूर्णांक होत नाही.

2 चा होत नाही? मी फाइलमध्ये 2 घालून पाहिला, बेरीज बरोबर आली. शिवाय ‘इंट’कडे, म्हणजे मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या पायथनच्या फंक्शनकडे, जाण्याआधी मजकूर अंकांचाच आहे ना, हे ‘इझडिजिट’ने तपासलेलं होतं. पायथनच्या आवृत्त्या बदलून बघण्यात पहिला दिवस गेला.

शेवटी मूळ फाइल मागवली. (हे पहिल्या तासातच करायला हवं होतं. त्याने एरर हाताने टाइप करून पाठवली होती आणि मी ती ब्रह्मवाक्य मानली.) हेक्सडंप काढला, म्हणजे फाइलमधले कच्चे बाइट सोळाच्या अंकपद्धतीत छापून पाहिले. साध्या 2 चा बाइट ३२ असतो. इथे सी२ आणि बी२ असे दोन बाइट होते. म्हणजे वर्गासाठी डोक्यावर लिहितात तो बारका दोन! कुठून तरी चिकटवताना आकड्याच्या जागी तळटीपेची खूण आली होती. ‘इझडिजिट’ तिला अंक म्हणतं, ‘इंट’ तिला हात लावत नाही. देवनागरी १२ मात्र दोघांनाही चालतात.

‘इझडिजिट’चं ‘इझडेसिमल’ केलं; ते बारक्या दोनला अंक मानत नाही. एका शब्दात क्रॅश गेला, आणि मला जास्त भीती वाटली. कारण अंक नसलेला मजकूर टूल गुपचूप वगळायचं. आता ती ओळही वगळली जाणार आणि चुकीची बेरीज ऐटीत छापली जाणार. कोसळणारं टूल निदान बोंब तरी मारतं.

दुसरा दिवस यातच गेला. रिकामा रकाना चालेल. इतर काही दिसलं तर थांबायचं, फाइलचं नाव, ओळ क्रमांक आणि त्या चिन्हाचा युनिकोड क्रमांक (प्रत्येक चिन्हाला ठरवून दिलेला आकडा) स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुकांच्या संदेशांसाठीच्या वेगळ्या वाटेवर, छापायचा, एक्झिट कोड शून्य (म्हणजे ‘सगळं ठीक’) द्यायचा नाही. सगळ्या एरर एकाच ‘एक्सेप्ट’मध्ये (एरर पकडणाऱ्या पायथनच्या कोडमध्ये) गिळण्याचा मोह झाला होता, पण त्यात माझ्या स्वतःच्या चुकाही गडप झाल्या असत्या.

संगणकशास्त्राचे प्राध्यापक बार्टन मिलर यांनी १९८८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या टूल्सवर वाटेल ती अक्षरं फेकायला लावली होती. १९९० च्या त्यांच्या निबंधानुसार साधारण पाव ते एक-तृतीयांश टूल्स कोसळली किंवा अडकून बसली. तेव्हा मी एकटा नाही.

नवी आवृत्ती पाठवली. ओळ क्रमांक वाचून त्याचं उत्तर आलं: ‘अरे, ती तळटीप होय! ती काढायचीच राहिली होती.’