फ्रिजमध्ये मेलेल्या भिरंडीच्या बिया

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस मी भिरंडीच्या, म्हणजे कोकमाच्या, साठ-सत्तर बिया मोठ्या निगुतीने वाळवल्या. गर धुऊन काढला, सुपात पसरून चार दिवस कडक ऊन दिले, काचेच्या बरणीत भरून झाकण घट्ट लावले आणि पणजीच्या फ्लॅटमधील फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बाटलीमागे, ती बरणी ठेवून दिली. फोंडा तालुक्यातील आमच्या गावी कुळागराच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेच्या, कडेने भिरंडीची एक रांग लावायची, असा बेत होता. पुढच्या जूनमध्ये त्या बिया पिशव्यांत लावल्या. पाऊस वेळेवर आला, माती चांगली होती, आणि ऑगस्ट संपेपर्यंत एकही बी रुजली नाही. उकरून पाहिले तेव्हा काही बुरशी येऊन मऊ पडल्या होत्या, तर काही जशाच्या तशा टणक होत्या. त्याच वेळी, सोलं (आमसुले) घालताना उरलेल्या बिया जिथे कुणी बेफिकिरीने फेकल्या होत्या त्या उकिरड्याच्या कडेला लालसर पालवीची वीतभर रोपे दाटीवाटीने उभी होती.

मी वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेली आहे, हे इथे कबूल करणे भाग आहे. चूक कुठे झाली ते कळायला मला पुस्तकापेक्षा आजीच्या स्वयंपाकघराची आठवण अधिक उपयोगी पडली.

त्या स्वयंपाकघरात बियांना दोन परस्परविरोधी प्रकारची वागणूक मिळत असे. दुधी, दोडका, तवशी (काकडी), अळसांदे (चवळीसारखे कडधान्य), सात शिरांची भेंडी यांच्या बिया उन्हात खणखणीत वाळत, त्यांना राख चोळली जाई आणि मग त्यांच्या पुरचुंड्या चुलीच्या वर, धूर लागेल अशा ठिकाणी टांगल्या जात. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे, सामान भरण्याच्या त्याच दिवसांत फणसाच्या आठळ्यांचे मात्र नेमके उलटे होई. आठळ्या, म्हणजे आमच्या घरातल्या शब्दात भिकणां, लाल मातीच्या चिखलात घोळून कोपऱ्यात एका टोपलीत ठेवल्या जात आणि पावसाळाभर लागतील तशा काढून, धुऊन आमटीत पडत. एकीला धूर आणि दुसरीला चिखल असे का, हे मी आजीला कधी विचारले नाही. विचारले असते तर भिकणां वाळली की कामातून जातात, एवढेच उत्तर मिळाले असते आणि ते पुरेसे होते.

बी म्हणजे मुळात एक रोप, त्याची शिदोरी आणि त्या दोघांवरचे आवरण. परागकणातून आलेल्या दोन पुंपेशींपैकी एक अंडपेशीला मिळते आणि त्यातून भ्रूण तयार होतो. दुसरी मधल्या पेशीला मिळते आणि त्यातून भ्रूणपोष, म्हणजे शिदोरी, तयार होते. हे दुहेरी फलन रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी १८९८ मध्ये प्रथम दाखवून दिले. गोमंतकीय माणसाला ते समजायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, कारण शहाळे फोडले की भ्रूणपोष द्रव आणि घन अशा दोन्ही रूपांत समोर येतो. नारळाचे पाणी म्हणजे भिंती न घातलेला भ्रूणपोष आणि खोबरे म्हणजे भिंती घालून झालेला. प्रत्यक्ष भ्रूण तीन डोळ्यांपैकी मऊ डोळ्याच्या आत, जेमतेम वाटाण्याएवढा असतो. नारळ रुजू लागला की त्याचे बीजदल आतल्या पोकळीत फुगत जाऊन खोबरे आणि पाणी शोषून घेते. मोड आलेला नारळ फोडल्यावर ज्याच्यासाठी आम्ही भावंडे भांडत असू तो गोडसर, स्पंजासारखा गोळा म्हणजे हेच बीजदल. अळसांद्याच्या दाण्यात ही शिदोरी बी पिकण्यापूर्वीच दोन बीजदलांत भरलेली असते, म्हणून तिथे भ्रूणपोष वेगळा दिसत नाही.

माझ्या बरणीच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग याच्या पुढचा आहे. अळसांद्याची बी झाडावर असतानाच स्वतःला वाळवू लागते. तिच्या पेशींतील पाण्याच्या पोकळ्या अन्नसाठ्याने भरून येतात, पेशींची आतली यंत्रणा आवरती घेतली जाते, सुक्रोज आणि रॅफिनोज यांसारख्या शर्करा साठतात आणि एरवी पेशीत क्वचितच दिसणारी काही विशिष्ट प्रथिने मोठ्या प्रमाणात तयार होतात. पाणी उडून जाताना पेशीरस कोरडा पडून तडकत नाही, तर या शर्करा व प्रथिनांमुळे घट्ट होत होत अखेर काचेसारखा होतो. काचेत रेणूंना हालचाल करता येत नाही. त्यामुळे बिघाडही जवळजवळ थांबतो. अशी बी ५ टक्के पाण्यावर जगते, म्हणजे जगणे जवळपास स्थगित ठेवते. चीनमधील एका आटलेल्या तलावाच्या गाळातून निघालेली सुमारे १,३०० वर्षांपूर्वीची कमळाची बी रुजली आणि इस्रायलमधील मसादा येथील उत्खननात सापडलेल्या, सुमारे २,००० वर्षांच्या खजुराच्या बीपासून २००५ मध्ये झाड उभे राहिले, ते या काचेच्या जोरावर.

चुलीवरच्या पुरचुंडीचेही तेच आहे. हॅरिंग्टन या अमेरिकी बीजशास्त्रज्ञाचा एक ढोबळ नियम असा की साठवणीच्या नेहमीच्या मर्यादेत बीमधील ओलावा १ टक्क्याने कमी केला तर तिचे आयुष्य दुप्पट होते, आणि तापमान ५ अंशांनी उतरवले तरीही दुप्पट होते. गोव्याच्या पावसाळ्यात तापमान उतरवण्याचा उपाय आजीपाशी नव्हता आणि हवा तर इतकी दमट की कपाटातल्या चपलांवरही बुरशी चढते. नुसतीच ठेवलेली बी त्या हवेतला ओलावा शोषून दोन महिन्यांत मेली असती. घरात एकच जागा कोरडी होती, ती चुलीच्या वरची, आणि धुराने किडीचाही बंदोबस्त होत होता. गॅस आल्यावर आमच्या घरातून दोडक्याचे जुने बी का गेले, याचे उत्तर मला बराच काळ ‘निष्काळजीपणा’ असे वाटत होते. आता वाटते की बीपेढीच बंद पडली होती.

भिरंडीची बी या वाटेने जात नाही. फणस, आंबा, जांभूळ, नारळ, भिरंड यांच्या बिया झाडावरून पडतात तेव्हाही त्यांच्यात वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त, कधी निम्म्याहून अधिक पाणी असते आणि त्यांचा श्वसनव्यवहार थांबलेला नसतो. आवराआवर झालेलीच नसल्यामुळे पाणी काढून घेतले की पेशींची पटले फाटतात, अर्धवट चाललेल्या रासायनिक क्रिया विषारी अवशेष सोडतात आणि साधारण २० ते ३० टक्के ओलाव्याच्या आसपासच बी मरते. उष्ण प्रदेशातल्या अशा अनेक बियांना थंडीही सोसत नाही. म्हणजे मी माझ्या बिया आधी सुपात मारल्या आणि नंतर, शंका उरू नये म्हणून, फ्रिजमध्ये पुन्हा मारल्या. भिरंडेलासाठी, म्हणजे भिरंडीच्या बियांच्या तेलासाठी, बिया वाळवताना आजी ज्या सुपात त्या पसरत असे तेच ते सूप होते. तेलासाठी वाळवलेली बी मेलेली असते, याने काही बिघडत नव्हते.

१९७३ मध्ये इ. एच. रॉबर्ट्स यांनी या दोन गटांना नावे दिली. वाळणाऱ्या बिया ‘ऑर्थोडॉक्स’, म्हणजे रीतीप्रमाणे वागणाऱ्या, आणि न वाळणाऱ्या बिया ‘रिकॅल्सिट्रंट’, म्हणजे हट्टी. ही नावे मला नेहमीच थोडी अन्यायाची वाटतात, कारण त्यात बीचे वर्तन शीतकपाटाच्या सोयीने मोजलेले आहे. भिरंडीच्या बाजूने पाहिले तर हट्टाचे कारणच नाही. फळ मे-जूनमध्ये पिकून पडते, पाऊस उंबरठ्यावर असतो, जमीन ऊबदार असते. ज्या बीला आठ दिवसांत रुजायचे किंवा रुजण्याच्या तयारीला लागायचे आहे तिने काच बनण्याचा खर्च कशाला करावा? तिने तो खर्च आकारावर केला आहे, आणि मोठी शिदोरी घेऊन खारीच्या, उंदराच्या तोंडी पडण्याआधी मुळे धरणे हा तिचा डाव आहे. याउलट काजू मार्च-एप्रिलच्या रखरखाटात गळतो आणि त्याच्या बीला पावसासाठी दोन-तीन महिने थांबावे लागते. ती वाळवून ठेवता येते, आणि वर तिने कातडे सोलणाऱ्या तेलाचे कवच चढवले आहे. नारळ वर्षभर पडतो, त्यामुळे प्रत्येक झाड या पंचांगात बसेलच असे नाही. पण पश्चिम घाटाच्या उताराला राहणाऱ्यांनी आपापल्या परसातली फळे गळण्याच्या क्रमाने मांडून पाहावीत, कल दिसतो.

न वाळण्याची ही गोष्ट टोकाला गेलेली पाहायची असेल तर रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जावे. मांडवीच्या काठच्या त्या पक्षी अभयारण्यात कांदळाची, म्हणजे खारफुटीची, झाडे आहेत आणि त्यांच्या फांद्यांवरून हिरव्या, शेंगेसारख्या लांब कांड्या लोंबताना दिसतात. त्या शेंगा नव्हेत. बी फळात असतानाच, फळ झाडावर असतानाच रुजलेली असते आणि लोंबते ते रोपाचे खोड. आईच्या अंगावर वाढलेले ते रोप एके दिवशी सुटते, ओहोटीला चिखलात रुतते किंवा भरतीबरोबर तरंगत दुसरा किनारा गाठते. खाऱ्या पाण्यात झोपी गेलेल्या बीला जागे होणे कठीण, म्हणून इथे झोपच रद्द झालेली आहे.

झोप, म्हणजे ओल मिळूनही न रुजणे, आणि वाळणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भाताच्या बाबतीत तो फरक पैशांत मोजावा लागतो. भात वाळते, पण त्याची झोप वाणागणिक कमी-जास्त असते. ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक भ्रूणाला थोपवून धरते आणि जिबरेलिन त्याला उठवते; उठलेला भ्रूण दाण्याच्या बाहेरच्या जिवंत थराला संकेत धाडतो, तो थर अमायलेज हे विकर सोडतो आणि पिठाची साखर होऊ लागते. ज्या वाणाची झोप उथळ, त्याचे भात ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात आडवे पडले की लोंबीवरच कोंब धरते. असे शेत मी पाहिले आहे: लांबून हिरवेगार, आणि जवळ गेल्यावर कळते की हिरवा रंग पात्यांचा नसून दाण्यांचा आहे. खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत, हीच जागृती मुद्दाम घडवून आणतात. पहिल्या सरींनी मातीतले मीठ धुऊन गेले, मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, खारे पाणी बाहेर काढले की कोरगुटसारख्या मीठ सोसणाऱ्या जुन्या वाणाचे बी भिजवून, मोड आणून फेकतात, कारण रुजण्याच्या नाजूक दिवसांत दाण्याला मिठाशी झुंजायला लावण्यापेक्षा पुढची तयारी घरीच करून धाडलेली बरी. आपल्या ताटातला उकडा तांदूळ मात्र टरफलासकट उकडताना भ्रूण मरून गेलेला असतो. त्या वाफेत बाहेरच्या थरांतली काही ब जीवनसत्त्वे आतल्या पिठात उतरतात, हा त्या मरणाचा लाभ.

वाळणाऱ्या बियांची काळजी जगाने बऱ्यापैकी घेतलेली आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात २००८ मध्ये सुरू झालेली कोठी आहे, दिल्लीत पुसा येथे राष्ट्रीय जनुकपेढी आहे, लडाखमध्ये चांग ला खिंडीपाशी थंडीचा फायदा घेणारी साठवण आहे. उणे १८ अंशांवर कोरगुटही तिथे सुखाने राहील. पण भिरंड, फणस, जांभूळ किंवा सत्तरीतल्या बांबर येथील निरंकाराच्या राईत, म्हणजे देवराईत, दलदलीत पाय रोवून उभे असलेले रानजायफळाचे कूळ यांना त्या कोठ्यांचे दार बंद आहे. एका अंदाजानुसार जगातील बीज धरणाऱ्या वनस्पतींपैकी सुमारे ८ टक्क्यांच्या बिया न वाळणाऱ्या आहेत, आणि ओल्या उष्णकटिबंधीय जंगलांत हे प्रमाण त्याच्या दुपटीहून अधिक भरते. अशा बीचा भ्रूण अलगद काढून द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवण्याचे तंत्र आहे, परंतु ते प्रयोगशाळेचे, महागडे आणि जातीगणिक वेगळे काम आहे. नारळाची दक्षिण आशियासाठीची आंतरराष्ट्रीय जनुकपेढी कर्नाटकात किडू येथे आहे, आणि ती पेढी म्हणजे जमिनीवर लावलेली नारळाची बाग आहे. दुसरा सोपा मार्गच नाही. मानकुराद या गोव्याच्या आंब्याचे तर त्याहून पुढे. त्याची कोय जपूनही मानकुराद जपला जात नाही, कारण कोयीतल्या भ्रूणात दुसऱ्या झाडाचा पराग मिसळलेला असतो. पोर्तुगीज काळात जेझुइट पाद्र्यांनी इथे आंब्याच्या कलमांचा प्रसार केला. तेव्हापासून ज्या आंब्यांना नाव आहे ते फांदीवरून फांदीवर चालत आलेले आहेत. त्यामुळे एखादी राई तोडताना ‘बियाणे जपून ठेवले आहे’ असे आश्वासन कुणी दिले, तर कोणत्या झाडाचे, एवढे तरी विचारावे. गोव्याच्या निम्म्या परसासाठी ते आश्वासन पोकळ आहे.

गेल्या वर्षी मी भिरंडी पुन्हा लावल्या. या वेळी फळ फोडल्यावर सोलं एका बाजूला आणि बिया दुसऱ्या बाजूला केल्या, गर राखेने चोळून धुतला, सावलीत फक्त पाणी निथळू दिले आणि त्याच संध्याकाळी ओल्या मातीत पुरल्या. चाळीसपैकी एकतीस रुजल्या. शेजारच्या काकूंनी त्या पिशव्यांकडे पाहून, एवढ्या रोपांचे काय करणार, असे विचारले. भिरंडीत नराचे आणि मादीचे झाड वेगळे असते, बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात आणि फुले येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे, कोणते कोण ते कळत नाही. एकोणीस रोपे कुळागराच्या कडेला गेली, बाकीची काकूंच्या आणि आणखी दोघांच्या परसात.